घोंगडीतली सारंगी

आमचं घर म्हणजे एक खोली आणि तिच्या मधोमध आडवा बांधलेला बांबू. बांबूच्या अलीकडं आबा, माय आणि मी; पलीकडं शेळ्या. हर्सूलला जेलच्या मागं, तळ्याच्या चढाला लागून अशी सात-आठ घरं होती. सगळी धनगरांची, सगळ्यांना पत्रे आणि सगळ्या पत्र्यांवर दगड ठेवलेले. मी आठवीत असताना आमच्या चौदा शेळ्यांच्या पाच राहिल्या. रोग आला नव्हता. चराईची जागा तुकड्या-तुकड्यानं तारेच्या कुंपणात गेली, एवढंच झालं. आबा चिकलठाण्याला एका कारखान्यात गाड्या भरायला जायला लागले, सायकलवर, रोज सगळं शहर ओलांडून. मायनं पाच शेळ्या घट्ट धरून ठेवल्या. “ह्या बी गेल्या तर मंग आपण कोण?” असं ती म्हणायची, आणि ह्याला कुणी उत्तर द्यावं अशी तिची अपेक्षा नसायची.

खायला भाकरी असायची. भाकरीबरोबर काय, हा रोजचा प्रश्न. माय येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी करायची ती इतकी पातळ की ती पसरू नये म्हणून ताटात भाकरीचाच बांध घालावा लागायचा. जेलमध्ये तासाला टोल पडायचे. आमच्याकडं घड्याळ नव्हतं, कैद्यांचं घड्याळ तेच आमचं. त्या टोलांवर आबा निघायचे, टोलांवर शेळ्या सुटायच्या, टोलांवर मी शाळेत जायची. शाळेत माझ्या दप्तराला लेंड्यांचा वास येतो म्हणून बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही. बाई गोड आवाजात म्हणायच्या, “भागू, तू खिडकीपाशी बस हं, तिथं हवा येते.” मला कळायचं, हवा कुणाला हवी होती ते. माझी नात परवा म्हणाली, आजी, इतक्या जुन्या गोष्टी अजून कशाला धरून ठेवतेस? मी तिला म्हटलं, धरून ठेवलेलं नाही, विसरायला कुणी कारणच दिलं नाही.

आता तातीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. तात म्हणजे बोकडाच्या आतड्याची वळलेली दोरी. आबांना ती वळता यायची, त्यांच्या वडलांकडून आलेली कला. आम्ही ज्या कसायाला बोकड विकायचो त्याच्याकडून ते आतडं परत आणायचे, ओलं असतानाच. मग माय ते तळ्यावर धुवायची, बांबूच्या पातीनं खरवडायची, तुरटीच्या पाण्यात ठेवायची. आबा दोन खुंट्यांमध्ये ताणून त्याला पीळ घालायचे आणि सावलीत वाळवायचे. उन्हात वाळवली तर ती कडक होते आणि तुटते. वाळल्यावर ती पिवळसर, काचेसारखी आरपार दिसायची. ही तात घ्यायला महिन्या-दोन महिन्यांनी शहरातून एक म्हातारे गृहस्थ यायचे. पांढरी टोपी, पान आणि जुनी सायकल. ते सारंगीये होते. त्यांना आम्ही खाँसाहेब म्हणायचो. तात हातात घेऊन ते नखानं टिचकी मारायचे, कानाशी न्यायचे आणि म्हणायचे, “डोंगर पे चरी हुई बकरी की है. आवाज में घास आती.” आबा लाजायचे. आयुष्यात आबांच्या कामाचं कौतुक केलेलं मी ऐकलं ते त्या एकाच माणसाच्या तोंडून.

एकदा खाँसाहेबांच्या गुडघ्यानं उचल खाल्ली म्हणून आबांनी मला तात घेऊन त्यांच्या घरी पाठवलं. शहराच्या जुन्या दरवाजाच्या आतली अरुंद गल्ली, खाली भट्टीतून नान-रोटीचा वास, वर त्यांची खोली. मी जिन्यात होते तेव्हाच आवाज आला. कुणीतरी बाई रडता रडता थांबून विचार करतेय असा तो आवाज. मी वर गेले तर तिथं बाई नव्हतीच. खाँसाहेब भिंतीला टेकून बसले होते, मांडीत लाकडाचं ठेंगणं, जाडजूड यंत्र, आणि बोटांच्या नखांच्या मुळानं ते आमची तात दाबत होते. आमची! तळ्यावर मायनं खरवडलेली. मी दारातच बसले. त्यांची बायको, जिला मी पुढं चाची म्हणू लागले, तिनं चहा आणून दिला तरी मला कळलं नाही. वाजवून झाल्यावर खाँसाहेबांनी एक सूर धरला आणि मला म्हणाले, “गा.” मी गायले. मग दुसरा. मग तिसरा, वाकडा, मध्येच सोडलेला. ते चाचीकडं बघून म्हणाले, “ये पोट्टी के कान में सुर है. इसकू कायकू मालूम नहीं था अब तक?”

“पूछा किसने उसकू?” चाची म्हणाली.

असं माझं शिक्षण सुरू झालं. फी ठरली नाही. तात पोचवायची आणि शिकायचं. शाळा सुटली की मी तिथं जायची. नखांच्या मुळाशी आधी फोड आले, मग रक्त, मग घट्टे. ईदला चाची खलिया करायची. आमच्या घरी मटण जत्रेलाच. त्यांच्याकडचा तो लालभडक रस्सा नानात बुडवून खाताना मला आपण कुठल्यातरी राज्यात आलोय असं वाटायचं. आमच्या वस्तीत कुजबूज झाली. पोरगी, ती पण मुसलमानाकडं, ती पण सारंगी, कोठ्यावरचं वाद्य. मायनं पाण्यावर चारचौघींत एकदाच सांगितलं, “माझी लेक सारंगीच वाजवायलीय. तुमच्या लेकी काय वाजवायल्यात ते सांगा.” त्यानंतर कुणी बोललं नाही. निदान तिच्यासमोर.

मी बारावी पास झाले आणि कॉलेजला संगीत घेतलं. आमच्या वस्तीत कॉलेजचं तोंड पाहिलेलं मी पहिलीच. दुसऱ्या वर्षाला कळलं की पुढच्या वर्षी रेडिओ केंद्रावर नव्या वादकांची परीक्षा होणार. पास झालं की रेडिओवर वाजवायला मिळतं, नाव सांगतात. खाँसाहेब खूश झाले आणि मग त्यांचं लक्ष आपल्या सारंगीकडं गेलं. त्यांच्याकडं सारंगी एकच आणि तिची मान एकदा तुटलेली, लाखेनं सांधलेली, मधली खुंटी घसरणारी. रियाजाला ठीक होती. परीक्षेत खुंटी घसरली की संपलं. ते म्हणाले, “वकीलसाहब के पास चल.”

ह्या वकीलसाहेबांचं घराणं जुनं. पणजोबा निजामाकडं कारकून होते आणि त्यांना वाद्यं जमवायचा नाद होता. बीन, सुरबहार, दोन दुर्मीळ सतारी आणि एक सारंगी. उत्तरेतून आणलेली, शंभरावर वर्षांची, एका अखंड ओंडक्यातून कोरलेली, छातीवर हाडाचे बारीक पक्षी जडवलेले. वकीलसाहेबांनी ह्या वाद्यांचा एक ट्रस्ट केला होता. होतकरू कलाकारांना वर्षभर वाद्य वापरायला द्यायचं, पैसे घ्यायचे नाहीत. कल्पना चांगली होती, मी आजही म्हणते. सारंगी मात्र वीस वर्षं कपाटात पडून होती, कारण सारंगी वाजवणारं चांगल्या घरातलं कुणी मिळत नव्हतं. हे शब्द त्यांचे आहेत.

त्यांच्या बंगल्यात दिवाणखान्यात मी उभी, आबा माझ्या मागं, खाँसाहेब खुर्चीच्या कडेवर बसलेले. वकीलसाहेबांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून बघितलं.

“घरात आणखी कोण वाजवतं?”

“शेळ्यांच्या गळ्यात घंटा आहेत,” मी म्हटलं. उद्धटपणा नव्हता, घाबरले की माझ्या तोंडून खरं तेच निघतं.

ते हसले. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणायचे, दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. “ठेवणार कुठं?” त्यांनी विचारलं.

“आढ्याला टांगून. घोंगडीत.”

“घोंगडीत?”

“लोकर दमटपणा धरते, बाईसाहेब, आणि हळूहळू सोडते. सारंगीच्या पोटावरचं कातडं फाटत नाही.”

खाँसाहेबांनी मान डोलावली. वहिनीसाहेबांनी नवऱ्याकडं बघितलं. मग वकीलसाहेबांनी नियमांचा कागद पुढं केला. वाद्य कोरड्या, स्वच्छ व पवित्र जागी ठेवावे. ट्रस्टला विचारल्याशिवाय वाद्यात कोणताही बदल करू नये. दर वर्षी खंडेनवमीच्या चार दिवस आधी वाद्य बंगल्यावर आणून द्यावे. नवमीला पूजा होईल, वादकानं पाहुण्यांसमोर वाजवावे, आणि मग पुढच्या वर्षाचं ठरेल. मी सही केली. आबांनीही केली, एकेक अक्षर दाबून. बदल करू नये हा नियम फक्त माझ्यासाठी होता हे मला तेव्हा कळलं नाही.

आबांनी ती सारंगी घोंगडीत गुंडाळून पाठीशी बांधली आणि समर्थनगरच्या त्या बंगल्यापासून हर्सूलपर्यंत सायकल हातात धरून चालत आणली. बसले नाहीत. हादरा बसेल म्हणून. घरी मायनं शेळ्या एक दिवस बाहेर बांधल्या, जमीन सारवली, आढ्याला नवी दोरी लावली. खाँसाहेब दुसऱ्या दिवशी आले, तारा बदलायचं त्यांनी वकीलसाहेबांना आधीच विचारलं होतं; जुन्या सडलेल्या ताती काढल्या, आबांनी खास ह्या कामासाठी वळलेल्या तीन नव्या चढवल्या. तारा पेलणाऱ्या हाडाच्या घोडीखालचा चामड्याचा पट्टा, ज्याला तस्मा म्हणतात, तो बोटानं चाचपून बघितला. तारांचा सगळा दाब घोडीवर येतो, घोडी कातड्यावर उभी असते, आणि मध्ये तो तस्मा दाब वाटून घेतो म्हणून कातडं टिकतं. “ये है तो सारंगी है,” खाँसाहेब म्हणाले. मग तारांवर गज, म्हणजे केसांची कमान, फिरवला. त्या खोलीत आजवर शेळ्या, पाऊस आणि जेलचे टोल एवढेच आवाज झाले होते. माय चुलीपुढं बसली होती, तिनं फुंकणी खाली ठेवली.  मग आबा म्हणाले, “तात बरी बसली.”

ते वर्ष मी जगले तसं पुन्हा कधी जगले नाही. सकाळी टोल पडायच्या आधी उठायचं, चढावर शेळ्यांमागं न जाता घोंगडीवर बसायचं. माझ्या वाट्याचं काम मायनं न बोलता स्वतःकडं घेतलं. कॉलेजात पोरी विचारायच्या, तुझ्या सारंगीला वास येतो का गं? येतो, मी म्हणायची, लाकडाचा, आणि तुला नुसता वासच येतो, सूर ऐकायला येत नाही, त्याला मी काय करू?

नवमीच्या चार दिवस आधी आम्ही सारंगी बंगल्यावर नेली. वहिनीसाहेबांनी स्वतः ताब्यात घेतली, घोंगडी दोन बोटांनी उचलून बाजूला केली. त्यांची नजर तातींवर गेली. “ही तार कसली? सतारीसारखी चकाकत नाही.”

आणि मी, अभिमानानं फुगून, म्हणाले, “बोकडाच्या आतड्याची. आबांनी घरी वळलीय.”

त्यांचा हात मागं गेला. “आतडं? देवघरात ठेवायचं आहे हे!”

“सगळ्याच सारंग्यांना असतं, बाईसाहेब. आणि हे कातडंसुद्धा बोकडाचंच. तो पट्टापण.”

मी सांगायला नको होतं का? चाळीसेक वर्षं हा प्रश्न मला लोकांनी विचारला आहे. माझ्या कॉलेजातल्या बाईंनीही विचारला. म्हणजे चूक काय, तर खरं बोलले ही. पणजोबांच्या काळी ते वाद्य दिवाणखान्यात असायचं, पाहुणे ऐकायचे; ते कशाचं बनलंय हे कुणी बोललं नाही, म्हणून ते पवित्र होतं. मी बोलले आणि ते बाटलं.

नवमीला माय माझ्याबरोबर आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती. बंगल्याच्या पुढच्या दारात एका बाईंनी तिला थांबवलं आणि सांगितलं, आत पाहुणे आहेत, तुम्ही मागच्या अंगणात बसा, चहा पाठवते. माय गेली मागं. मला तेव्हाच परत फिरायला हवं होतं. नाही फिरले, कारण परीक्षा तीन आठवड्यांवर होती आणि पुढच्या वर्षाचं आत ठरणार होतं. ही लाज माझी आहे, ती मी कुणावर ढकलत नाही.

दिवाणखान्यात जाजम घातलेलं. चौरंगावर वाद्यं ओळीनं मांडलेली, हळदी-कुंकू, झेंडूच्या माळा. शहरातले डॉक्टर, प्राध्यापक, दोन रेडिओवाले. सतारवाल्या मुलानं वाजवलं, टाळ्या झाल्या. मग माझं नाव. मी सारंगी उचलायला वाकले आणि जागीच थांबले. तीन ताती नव्हत्या. त्यांच्या जागी पोलादी तारा होत्या. घोडीखालचा तस्मा नव्हता. आणि कातड्याला हात लावला तर ते मऊ, गार लागलं.

“हे कुणी केलं?” मी विचारलं.

“शुद्ध केलंय,” वकीलसाहेब हळू म्हणाले, हसतमुखानं, पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं. “पेटी दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलावून तारा बदलून घेतल्या. तू वाजव, दोन मिनिटं पुरे.”

“साहेब, हिला ह्या तारा चालत नाहीत. आणि कातडं ओलं आहे. तारा ताणून सुराला चढवली तर फाटेल.”

“नखरे करू नकोस,” वहिनीसाहेब म्हणाल्या. “इतके लोक बसलेत.”

“मी नाही चढवणार.”

आता आवाज पाहुण्यांपर्यंत गेला होता. वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. पेटी दुरुस्त करणारा तो माणूस तिथंच होता. त्यांनी त्याला खुणावलं. त्यानं सारंगी मांडीवर घेतली आणि खुंटी पिळली. एक वेढा. दुसरा. मी “नका” म्हणाले, तेव्हा तो तिसरा देत होता. घोडी आधी हळूच आत बसली, चिखलात पाय बसतो तशी, आणि मग कडेला कातडं फाटलं. आवाज फार मोठा नव्हता. हाडाची घोडी तिरकी होऊन आत पडली आणि वाद्याच्या पोटात खुळखुळली. 

“बघा,” वहिनीसाहेबच पहिल्यांदा बोलल्या. “शेळ्यांच्या गोठ्यात वर्षभर ठेवल्यावर दुसरं काय होणार? कुजलंय कातडं.”

 माणूस रागानंही मुका होतो हे मला त्या दिवशी कळलं. तेवढ्यात मागच्या दारातून माय आत आली. कुणी बोलावलं नव्हतं. अनवाणी, सरळ जाजमावरून चालत आली, हातात मूठ आवळलेली. तिनं खाली बसून सारंगीला नाक लावलं, फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि मान वर केली.

“गोमूत्र हाय हे,” ती म्हणाली.

कुणीतरी हसलं.

“हसू नगा. जनावरात जल्म गेला माझा. हे कातडं कुजलं नाय. कुजलेलं भुगा होऊन पडतंय. हे वल्लं असताना ताणलंय, म्हणून कडंला उभं फाटलंय. कुणी शिंपडलं ह्याच्यावर?”

मायनं मूठ उघडली. तीन ताती आणि तस्मा. “मागं केराच्या बादलीत व्हते. आमच्या ह्यांनी वळलेल्या ताती हायेत ह्या, मी वळखते. बाईसाहेब, तुम्ही आमचं आतडं फेकून दिलं आन् गाईचं मूत घातलं, व्हय? दोन्ही जनावराचंच की.”

वकीलसाहेब उठले. “मावशी, तुम्ही बाहेर बसा, आपण नंतर बोलू.”

“मी भाईरच व्हते,” माय म्हणाली. “म्हणूनशान तर दिसलं.”

आम्ही निघालो. घोंगडीही परत घेतली, ती मागच्या अंगणात झाडाच्या मुळाशी टाकलेली होती. सारंगी दुरुस्त करून देतो, खाँसाहेब आणि आबा मिळून नवं कातडं चढवतील, असं मी दारात एकदा म्हणून बघितलं. “आता तिला हात लावायचा नाही,” वकीलसाहेब म्हणाले. आठ दिवसांत कॉलेजला ट्रस्टचं पत्र आलं. सदर विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे व घरातील अयोग्य परिस्थितीमुळे दुर्मीळ वाद्याची हानी झाली असून, तिची कोठेही शिफारस करू नये. विभागप्रमुखांनी ते मला वाचून दाखवलं आणि फाइलला लावलं. मी घडलेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, “भागीरथी, ते मोठे लोक आहेत, असं करतील का?” ज्या प्राध्यापकांनी स्वतःच्या डोळ्यांनी कातडं फाटताना बघितलं होतं, त्यांच्यापैकी एकही बोलला नाही. ते पत्र मला अजून पाठ आहे.

रेडिओच्या परीक्षेला मी खाँसाहेबांची लाखेनं सांधलेली सारंगी नेली. तिच्यावर केराच्या बादलीतल्या त्याच ताती, धुऊन, चढवलेल्या. आलाप चांगला झाला. मग मधली खुंटी घसरली आणि मी नापास झाले. बाहेर पायरीवर खाँसाहेब बसले होते. मी रडायला लागले तसे म्हणाले, “नक्को रो. तू नहीं घसरी, खुंटी घसरी.” त्या एका खुंटीनं माझं दीड वर्ष घेतलं. दीड वर्षानं पुन्हा परीक्षा झाली. मधल्या काळात आबांनी कारखान्यातल्या एका सुताराकडून शिसवीची खुंटी कोरून आणली होती, आणि मी पास झाले. माझं पहिलं वादन लागलं तेव्हा चाचीनं गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं, नान आणले. मी दुसऱ्या दिवशी गेले तर खाँसाहेब म्हणाले, “अच्छा था. तीसरी तार थोडी उतरी थी.” तोवर मी बी.ए. झाले होते, मग एम.ए. झाले, आणि त्याच कॉलेजात शिकवायला लागले. पत्र फाइलमध्ये होतंच.

ह्यानंतर बरीच वर्षं गेली. वकीलसाहेब गेले, मुलं परदेशी, बंगला पाडून तिथं फ्लॅट होणार होते. एके दिवशी वहिनीसाहेबांचा फोन आला. ओळखलंस का? ओळखलं, म्हटलं. “ती सारंगी आहे अजून. तशीच. तू घेऊन जा, वाजव.” मी गेले. त्या व्हीलचेअरवर, हात थरथरत होते. काचेच्या कपाटात सारंगी फाटक्या पोटानं उभी होती, आणि खाली पितळी पट्टी: दुर्मीळ, एकोणिसावे शतक. कुणी फाडली ते पट्टीवर नव्हतं. त्या म्हणाल्या, “जुनं मनात ठेवू नकोस.” तेव्हा मला पुन्हा तोच राग आला, जाजमावरचा, पण ह्या वेळी शब्द होते.

“आधी ते पत्र मागं घ्या,” मी म्हणाले. “मग नेते.”

“आता? कॉलेजातलं कुणी राहिलं नसेल.”

“मी राहिले आहे.”

त्यांनी ट्रस्टचा जुना कागद मागवला आणि लिहिलं, वेडंवाकडं, तीनदा थांबून: सारंगीचे कातडे गोमूत्राने आम्ही ओले केले. पट्टा आम्ही काढला. मुलीने नको म्हटले होते. दोष आमचा. खाली सही. पाणी प्यायल्या आणि विचारलं, “तुझी आई आहे?”

“आहे. बाहेर रिक्षात बसलीय.”

“आत बोलाव ना.”

“ती नाही यायची,” मी म्हणाले, आणि विचारलंसुद्धा नाही. मला वाटतं, ती आलीही असती. पण तो निर्णय मी घेतला आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

सारंगी घरी आणली, आणि तिच्या नव्या कातड्यासाठी बोकड मायनं स्वतः निवडला. तेव्हा आबा थकले होते, पण ताती त्यांनीच वळल्या. लोक मला म्हणतात, त्या बाईंनी लिहून दिलं, मोठं मन दाखवलं. मोठं मन? तीस वर्षं उशिरानं खरं लिहिलं ह्याला मोठं मन म्हणत असतील, तर माझ्या मायनं त्याच दिवशी, त्याच जाजमावर, अनवाणी सांगितलं होतं त्याला काय म्हणायचं? माझा राग गेलेला नाही. त्याचा मला उपयोग झाला आहे, एवढंच.

त्या सारंगीपासून मी सुरुवात केली. कुठं जुनी सारंगी अडगळीत पडली आहे असं कळलं की जायचं, मागायची, दुरुस्त करायची आणि वाजवणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्यायची. अर्ज नाही, घर बघायला जाणं नाही. एक बिडकीनचा मुलगा आहे, त्याचे वडील औद्योगिक वसाहतीत रखवालदार आहेत. तो फोनवर घाबरत म्हणाला, मॅडम, आमची एकच खोली आहे. मी म्हटलं, एक घोंगडी आहे का? म्हणाला, आहे. मग ये, म्हटलं. पक्षी जडवलेली ती सारंगी सध्या हर्सूलच्याच एका मुलीकडं आहे. त्या सारंगीच्या पेटीच्या झाकणात आतून वहिनीसाहेबांचं पत्र चिकटवलेलं आहे, आणि वाद्य हातात देण्याआधी मी ते मोठ्यानं वाचायला लावते.

आज माझ्याकडच्या नऊ सारंग्या बाहेर वाजतायत. नऊही तातीच्या आहेत, आणि पूजेसाठी एकही परत मागवलेली नाही.